बदकांपुरतं पाणी

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी अख्ख्या इंग्लंडला सुट्टी असते, आणि आमच्या वेंडफर्डात त्या दिवशी अक्कलही सुट्टीवर जाते. चर्चजवळच्या पुलावरून प्लास्टिकची पिवळी बदकं पोत्यांनी वेंड नदीत ओततात. प्रत्येक बदकाच्या पोटावर नंबर. ज्याचं बदक जुन्या पिठाच्या गिरणीपाशी पहिलं पोचेल त्याला कांद्याच्या चटणीची बरणी, आणि तिकिटांचे पैसे चर्चच्या छपराला. ते छप्पर माझ्या लग्नात गळत होतं, माझ्या नवऱ्याच्या मयतात गळत होतं, आणि अजून गळतंय.

मी हेस्टर. गावाच्या वरच्या अंगाला, खडूच्या टेकडीखालून जिथं झरा फुटतो, तिथं आमचे क्रेसचे वाफे आहेत. आहेत म्हणते, सवय जात नाही. क्रेस म्हणजे पाण्यात वाढणारी तिखटसर पालेभाजी. तिला वाहतं, गार, स्वच्छ पाणी लागतं. पाणी थांबलं की संपलं तिचं, पानं पिवळी. माझ्या आजेसासऱ्यांनी हे वाफे बांधले तेव्हा या नदीवर क्रेसवाले पैशाला पासरी होते. मग पाणीपुरवठा कंपनीनं टेकडीच्या पोटात भोकं पाडून पाणी उपसायला आणि शहराला द्यायला सुरुवात केली, आणि एकेकाचा झरा बसत गेला. शेवटी उरले मी आणि माझा झरा. सकाळी उठून आधी त्याची धार बघायची, मग चहा. नवरा होता तेव्हाही हाच क्रम होता, आणि त्यावरून आमची भांडणं व्हायची.

बदकांच्या शर्यतीचा अध्यक्ष क्लेम. निवृत्त मास्तर, माझ्या नवऱ्याचा जिवलग, म्हणून माझ्याही घरचाच. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड वाईट. गावाचं काही वाकडं दिसलं की याला स्वतःचं धोतर सुटल्यासारखं होतं. धोतर नेसत नाही मेला, पण तुम्हाला कळावं म्हणून सांगते.

एका ऑगस्टात नदी इतकी रोडावली की बदकं गोट्यांवरच बसून राहिली. क्लेमनं त्यावर तोड काढली. शर्यतीच्या आधी गिरणीच्या बांधाला लाकडी फळ्या लावायच्या आणि शेजारच्या शेतातल्या बोअरवेलचा पाइप पुलाखाली सोडायचा. एक-दोन दिवसांत पुलापासून गिरणीपर्यंत नदी काठोकाठ. शर्यत सुरू करताना एक फळी उचलली की पाणी चालू लागतं, पाण्याबरोबर बदकं. शर्यत संपली की पंप बंद. तेव्हापासून दरवर्षी हेच. आणि याला गावात कुणी पंप म्हणायचं नाही बरं का! ‘नदीला थोडी मदत’ म्हणायचं. आमच्याकडे कुणी पिऊन जिन्यावरून गडगडला तरी ‘त्यांना जरा बरं नव्हतं’ म्हणतात, त्यातलाच प्रकार.

मग ते घरांचं प्रकरण आलं. जिल्ह्याचा नवा आराखडा झाला, आणि त्यात टेकडीवरच्या जुन्या धावपट्टीच्या माळावर चार हजार घरं. आता घरं हवीत, मी कुठं नाही म्हणते? माझी भाची आयव्ही तिशी ओलांडून गेली तरी आईच्या माळ्यावर झोपते. पण चार हजार घरांना पाणी कुठून आणणार? तर त्याच टेकडीच्या पोटातून. आणि त्यांचं सांडपाणी कुठं सोडणार? तर गावाखालच्या शुद्धीकरण केंद्रातून त्याच नदीत. आधीच्यांना पुरेना, आणि घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!

जुलैत शहरातल्या सभागृहात आराखड्याची सुनावणी झाली. मधोमध सरकारनं नेमलेले तपासणी अधिकारी बसलेले. थ्रेलफॉल त्यांचं नाव. उंच, वाळके आणि इतके सभ्य की त्यांच्यावर चिडायची चोरी. त्यांनी आराखडा मान्य केला की कंपनीला नव्या बोअरवेलींची मुभा. अमान्य केला तर आधी लांबच्या धरणातून नळ आणा, मग घरं बांधा. माझ्या झऱ्याचा जीव त्या एका माणसाच्या हातात होता.

कंपनीचा माणूस उठला. तरणाबांड, चकचकीत. पडद्यावर आलेख दाखवून म्हणाला, “वेंड नदीचा प्रवाह ऑगस्टमध्येही समाधानकारक आहे. उलट तो वाढतोच आहे.”

“कुठं मोजता तुम्ही?” मी बसल्या जागेवरूनच विचारलं.

“आमच्या मापन केंद्रावर.”

“ते सांडपाणी सोडतात त्याच्या वर की खाली?”

“खालच्या बाजूला,” तो म्हणाला. लाजबीज काही नाही.

“अहो मग ते नदीचं पाणी कसं? शहरातल्या लोकांनी संडासात साखळी ओढली की येतं ते! माणसं वाढली, संडास वाढले, म्हणून तुमचा आलेख वर गेला!”

लोक हसले. मला वाटलं, जिंकलं. पण तो पोरगा शांतपणे म्हणाला, “शुद्ध करून एकदा नदीत सोडलं की ते नदीचंच पाणी धरतात, बाई. नियमच आहे तसा.” आणि थ्रेलफॉलसाहेबांनी मान डोलावली. म्हणजे आम्ही वर तहानेनं मरायचं, आणि खाली शहराचं मूत मोजून नदी ठणठणीत आहे म्हणायचं! रक्त असं तापलं माझं, की आयव्हीनं माझा स्वेटर मागून धरून मला खाली बसवलं.

पण शेवटी साहेबच म्हणाले, “मी नदी स्वतः पाहणार आहे. ऑगस्टमध्ये, पाणी सर्वांत कमी असतं तेव्हा. दिवस कुणालाही कळवणार नाही. आणि तिथं कुणाशी बोलणार नाही, तसा दंडक आहे.”

“माझ्या वाफ्यांवर या ना साहेब. झरा बघा.”

“खाजगी जागेत मला एकट्याला येता येत नाही. दुसऱ्या बाजूचा प्रतिनिधी बरोबर लागतो.”

कंपनीच्या पोरानं फोनमध्ये डोकं घातलं आणि आपण ऑगस्टभर रजेवर असल्याचं सांगितलं. बघा, किती सोयीची रजा!

“मग पुलावरून पाहीन,” साहेब म्हणाले.

“पुलावरून पाहा. तेवढं पुष्कळ झालं,” मी म्हटलं. आणि खरंच पुष्कळ होतं ते. ऑगस्टात पुलाखाली काय असतं? गोटे, शेवाळ, आणि मध्ये बोटभर पाण्याचा ओघळ. आंधळ्यालाही कळलं असतं. बसमध्ये मी आयव्हीला चॉकलेट घेऊन दिलं, इतकी मी खूष.

दुसऱ्याच दिवशी गावाच्या हॉलमध्ये बैठक लावायला लावली. चहा झाला, बिस्किटं फिरली, आणि मी उभी राहिले. “यंदा शर्यत नाही. फळ्या नाहीत, पंप नाही. साहेब येतील तेव्हा नदी जशी आहे तशी दिसू दे. बरगड्या वर आल्यात तिच्या, त्या दिसू देत.”

क्लेम खाकरला. “हेस्टर, इतका मोठा माणूस गावात येणार, आणि आपण त्याला चिखल दाखवायचा?”

“अरे, चिखलच तर दाखवायचाय! डॉक्टरकडे जाताना तोंडाला पावडर लावून जातोस का तू?”

“पावडर नाही लावत. पण स्वच्छ बनियन घालूनच जातो.”

हॉल खदखदला. तिथंच मी हरले. आमच्या गावात जो हसवतो त्याचं खरं.

पाद्रीणबाईंनी मान कलती करून छपराची आठवण दिली. मग कुणी म्हणालं, “सरकारी माणूस सुट्टीच्या दिवशी थोडाच कामाला येणार? एकाच दिवसाचा तर प्रश्न.” दुसरा म्हणाला, “आणि आलाच, तर निदान गाव चांगलं दिसेल. चांगल्या गावाचं वाटोळं करायला हात धजावणार नाही त्याचा.” हे असं वाटतं हो या लोकांना, मनापासून वाटतं. की आपण नीटनेटके, हसतमुख, फुलांच्या कुंड्या टांगलेले राहिलो, की वरचे लोक आपल्याशी भलं वागतील.

“शहाण्यांनो,” मी ओरडले, “हे हात दाखवून अवलक्षण आहे!”

“चहा घे, हेस्टर,” क्लेम म्हणाला, “गार होतोय.”

मग हात वर झाले. क्लेमनं घोषणा केली, “एकमतानं मंजूर. हेस्टर सोडून.” आणि नुसती शर्यत नाही, साहेब येणार म्हणून नदीकाठचं गवत कापायचं ठरलं, पुलाच्या कठड्याला रंग लावायचं ठरलं, आणि फळ्या यंदा जरा आधीच लावायचं ठरलं. आजारी बाईला तपासायला डॉक्टर येणार म्हणून तिचं लग्नाचं पातळ काढायचं, तसं.

दरवर्षी शर्यतीच्या दिवशी सँडविचांना लागणारी क्रेस मी फुकट देते. त्या वर्षी दिली नाही. देण्याजोगी नव्हतीही. निम्मे वाफे कोरडे, तळाच्या चिखलाला भेगा, आणि झऱ्याची धार करंगळीएवढी. त्या सोमवारी मी तिथंच बसले होते, मेलेल्या काड्या उपटत, गावातून येणारा बँडचा आवाज ऐकत, एकेकाला मनातल्या मनात शिव्या घालत. तेवढ्यात आयव्हीचा फोन आला.

“मावशी, पुलावर कुणीतरी आहे. उंच माणूस, टोपी घातलेला. हातात नकाशा. बदकाचं तिकीट दिलं तर नको म्हणाला.”

मी गमबुटांतच पळत सुटले. या वयात आणि त्या बुटांत माणूस कसा पळतो ते विचारू नका.

पुलाशी पोचले आणि बघते तर काय. पताका, बँड, उन्हं, आणि नदी काठोकाठ! निळीशार, गुळगुळीत, वर पिवळी बदकं तरंगताहेत. पोरं गुडघाभर पाण्यात किंचाळताहेत. मध्यभागी क्लेम, विजार वर दुमडून, एक भलंमोठं बदक डोक्यावर धरून उभा, आणि काठावरून कुणीतरी त्याचा फोटो काढतंय. पुलावर थ्रेलफॉलसाहेब. आणि हा दीडशहाणा क्लेम, जो सुनावणीला आलाच नव्हता, ज्यानं साहेबांना कधी पाहिलंच नव्हतं, तो पाण्यातून हात हलवून त्यांना सांगतोय, “काय सुंदर दिवस आहे ना, साहेब! या कधीही! आमची वेंड कधी आटत नाही!”

“गप रे, मेल्या!” मी ओरडले, पण बँडच्या आवाजात ऐकतो कोण. मी पुलावर गेले. “थ्रेलफॉलसाहेब! हे पाणी खोटं आहे. पंपाचं आहे. त्या झुडपामागं पाइप आहे, बघा!”

त्यांनी तळहात वर केला. “बाई, कृपा करा. जागेवर मला कुणाचंच ऐकता येत नाही. दुसऱ्या बाजूवर तो अन्याय होईल.”

“ऐकू नका! कान बंद करा! पण डोळे आहेत ना? चार पावलं या आणि तो पाइप बघा.”

त्यांनी झुडपाकडे पाहिलं, मग नकाशाकडे पाहिलं. “ते झुडूप खाजगी कुंपणाच्या आत आहे,” ते म्हणाले. देवाशपथ, हेच म्हणाले. मग टोपीला हात लावला. “तुमचं गाव मात्र फार सुंदर आहे.” आणि आपल्या गाडीकडे निघाले.

मी गिरणीकडे धावले. बांधावर चढले आणि फळी उपसली. एक नाही, सगळ्या. खालून पाणी असं सुटलं की बदकं एकमेकांवर आदळत, उलटीपालटी होत गिरणीखालून पार झाली, आणि बघता बघता मागं नदीचं खरं रूप उघडं पडलं. गोटे, शेवाळ, आणि मध्ये पंपाचा ओघळ. पोरं रडायला लागली, बँड थांबला. मी वळून रस्त्याकडे पाहिलं. साहेबांची गाडी टेकडीच्या वळणावर पोचली होती, आणि वळली.

क्लेम गोट्यांमध्ये उभा, हातात अजून ते बदक. “हेस्टर! काय केलंस हे! सगळ्या लोकांसमोर!”

“लोकांसमोर नव्हतं करायचं रे. एका माणसासमोर करायचं होतं. आणि त्याला तू सांगितलंस, आमची वेंड कधी आटत नाही.”

तो माणूस कोण हे मी सांगितलं तेव्हा क्लेम बदक तिथंच टाकून रस्त्याकडे धावला, पण गाडी केव्हाच गेली होती. गावानं मात्र माझंच तोंड बघायचं टाकलं. पोरांच्या आनंदात विरजण घातलं म्हणे. साहेबांच्या कचेरीला मी सगळं कळवलं, तर उत्तर आलं, सुनावणी संपली आहे, आता नवीन पुरावा घेता येत नाही.

निकाल थंडीत आला. त्यात थ्रेलफॉलसाहेबांनी लिहिलं होतं, की मी वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात, कुणालाही न कळवता नदी पाहिली, ती भरून वाहत होती आणि मुलं तीत खेळत होती, तेव्हा रहिवाशांनी व्यक्त केलेली भीती अवाजवी वाटते. आराखडा मान्य. आणि त्या माणसानं एक अक्षरही खोटं लिहिलं नव्हतं हो! जे दिसलं तेच लिहिलं. खोटं आम्ही केलं होतं, पंप लावून, हौसेनं, बिस्किटं खात.

त्याच संध्याकाळी क्लेम दारात आला. टोपी हातात, डोळे लाल. “मला वाटलं, कुणीतरी फिरायला आलेला पाहुणा आहे.”

“मग पाहुण्याला तरी खरं का सांगितलं नाहीस?”

“हेस्टर,” तो म्हणाला, “परक्याला कुणी आपल्या घरचं आजारपण सांगतं का?”

मी दार लावून घेतलं. जोरात. भिंतीवरची बशी पडून फुटली, सासूबाईंची होती. त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

घरं उभी राहिली. आधी रस्ते, मग दिवे, मग माणसं. टेकडीच्या पाठीवर नव्या बोअरवेली बसल्या. पहिल्या उन्हाळ्यात माझा झरा जुलैत आटला. पुढच्या वर्षी मे महिन्यातच. त्या शेतातल्या बोअरवेलचा पंपसुद्धा नुसती हवा ओढायला लागला, त्यामुळे ‘थोडी मदत’ करायलाही काही उरलं नाही, आणि बदकं चर्चच्या माळ्यावर गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात पाऊस बरा झाला, मी वेड्यासारखं पुन्हा बी टाकलं. रोपं बोटभर झाली आणि पाण्यानं दगा दिला. एका आठवड्यात वाफेच्या वाफे पिवळे. मी तिथं उभी राहून मोठ्यानं रडले. लाज कसली? आजेसासऱ्यांपासून चालत आलेलं माझ्या हातात संपलं, आणि माझा हात त्यात नव्हता.

वाफे मोडायचे ठरवले तेव्हा क्लेम कुदळ घेऊन आला. मी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. रोज यायचा, गुपचूप विटा उखडायचा, दुपारी आपला डबा उघडून अर्धं सँडविच माझ्या बाजूला सरकवायचा. चौथ्या का पाचव्या दिवशी मी ते खाल्लं.

“चीज जुनाट आहे तुझं,” मी म्हटलं.

“मीही,” तो म्हणाला. एवढंच काय ते आमचं बोलणं.

त्या दुपारी खालून, नदीच्या पात्रातून, एक जोडपं चालत वर आलं. तरुण, स्वच्छ बूट, पाठीला पिशव्या. नव्या घरांतले, बघूनच कळत होतं. पात्रात आता गवत उगवलंय, मधली वाट पायाखालची झालीय, त्यांना काय माहीत.

“माफ करा हं,” तो पोरगा म्हणाला, “ही पायवाट नदीकडेच जाते ना? बराच वेळ चालतोय आम्ही. सापडत नाहीये.”

माझ्या जिभेवर इतकं काही आलं! कित्येक वर्षांचं साठलेलं, चांगलं धार लावून ठेवलेलं. पण मी गिळलं आणि क्लेमकडे पाहिलं. “सांग की. गावाबद्दल पाहुण्यांना काय ते तूच सांगतोस.”

क्लेमनं कुदळ खाली ठेवली, टोपी काढली. “ही पायवाट नाही, बाळा. तुम्ही उभे आहात ना, तीच नदी.”

दोघं हसली. म्हातारा गंमत करतोय असं वाटून, चांगल्या घरची माणसं हसतात तशी हसली. मग त्या मुलीनं पिशवीतून घरांची जाहिरात काढली, जाड गुळगुळीत कागदाची, घर घेताना मिळालेली. “नाही हो, ही नदी म्हणतेय मी,” असं म्हणून तिनं ती क्लेमसमोर धरली.

वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘वाहत्या नदीकाठी राहा’. खाली पानभर फोटो. पताका, ऊन, काठोकाठ निळं पाणी, पिवळी बदकं. आणि मध्यभागी विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेला, डोक्यावर बदक धरून कानापर्यंत हसणारा एक म्हातारा.

मुलीनं फोटोकडे पाहिलं. मग क्लेमकडे. मग परत फोटोकडे.

“अहो,” ती म्हणाली, “पण हे तुम्हीच ना?”

क्लेमनं खिशात चष्मा चाचपला, लावला, आणि तो कागद बराच वेळ डोळ्यांपाशी धरून ठेवला.

“हो,” तो म्हणाला. “मीच.”